नळी 2 चं पाणी वरून, नळी 3 चं डोंगरातून: बादलीच्या कड्याच्या चाचणीचा निकाल

दरडीचा धोका आधी कळावा म्हणून डोंगरउतारात तीन नळ्या पुरून मातीतल्या पाण्याचा दाब मोजतो आहे. पुनर्वसूच्या मोठ्या सरीत त्यांतल्या नळी 2 आणि नळी 3 एकदमच उसळल्या. पहिल्या बारा मिनिटांत 14 मिमी पाऊस झाला आणि तेवढ्याच वेळात नळी 2 मधलं पाणी 48 सेंमी चढलं, नळी 3 मधलं 22. नळी 1 जागची हलली नाही. मागच्या नोंदींतले आलेख ज्यांनी बघितलेत त्यांना यात नवल वाटणार नाही, मिरगापासून नळी 2 हेच करते आहे. नवीन हे की पाणी कुठून येतं त्याचा छडा लागला, आणि दोन्ही नळ्यांचं उत्तर वेगळं निघालं. पर्जन्यमापकाचं आणि टाक्यांच्या गणिताचं शेवटी लिहितो, आधी हेच.

उताराची मापं परत एकदा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यांवर उभा आहे. सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराच्या, कडेखालचा, आंबा-काजूच्या आगराच्या वरचा 30 अंशांचा उतार. वर अडीच मीटर जांभ्याचे तुकडे मिसळलेली तांबडी माती, तिच्याखाली पांढरट-पिवळी मऊ चिकणमाती. गुलमर्गकडे बर्फावर जाणारे लोक खड्डा खणून ज्या कमकुवत थराचा शोध घेतात, त्याचा आपल्याकडचा भाऊ म्हणजे हा सांधा. पाणी तांबड्या मातीतून खाली येतं, चिकणमातीवर अडतं आणि तिथे दाब साचतो. तिन्ही नळ्यांचं तोंड याच सांध्यावर आहे: 75 मिमीचं भोक, 25 मिमीची शेतीची पीव्हीसी नळी, तळाच्या 40 सेंमीत हॅकसॉच्या खाचा, त्यावर नॉनवोव्हन जिओटेक्स्टाइलचा (माती अडवून पाणी जाऊ देणाऱ्या कापडाचा) एक वेढा, भोवती 2.0 ते 2.5 मीटरपर्यंत धुतलेली नदीची वाळू.

दाबाच्या आकड्यात 40 सेंमीची चूक का चालत नाही ते बघा. मातीचं वजन 18 किलोन्यूटन प्रति घनमीटर, चिकटपणा 4 किलोपास्कल, घर्षणकोन 30 अंश धरला तर कोरड्या उताराचा सुरक्षा गुणांक 1.2 येतो. सांध्यावरचा दाब 6.9 किलोपास्कलला पोचला की तो 1 वर येतो, त्याखाली उतार घसरतो. म्हणजे नळीत साधारण 70 सेंमी पाणी. इथे बरेच जण गफलत करतात: पाणी उताराला समांतर वाहत असेल तर नळीतली उंची आणि मातीतल्या ओल्या थराची उभी जाडी एक नसते. नळीतली उंची म्हणजे जाडी गुणिले कोसाइन वर्ग. 30 अंशाला हा गुणक 0.75, त्यामुळे नळीत 70 म्हणजे मातीत उभे 94 सेंमी ओले. नळीने 40 सेंमी जास्त दाखवले तर गुणांक 0.12 ने खोटा पडतो, आणि आपल्याकडे सगळी शिल्लकच 0.2 ची आहे. चिकटपणा आणि घर्षणकोन हे धरलेले आकडे आहेत, मोजलेले नाहीत, हे विसरू नका. तरी दाबाचा धाक त्यातून दिसतो.

आता 48 सेंमी. मिरग होऊन गेल्यावर या मातीत पाण्याला मोकळी उरलेली पोकळी 5 टक्क्यांच्या आसपास असते. 14 मिमी पाऊस एक थेंबही वाहून न जाता आत मुरला तरी पातळी जास्तीत जास्त 28 सेंमी चढेल. नळी 2 त्याच्या पावणेदोन पट चढली. शिवाय 250 मिली पाणी ओतून उतरण्याचा वेळ मोजला होता: 25 मिमी नळीत (आतून साधारण 21) 250 मिली म्हणजे 72 सेंमी, आणि त्याचे 37 टक्के, म्हणजे 27 सेंमी, उरायला 20 मिनिटं लागली. पाणी उतरण्याच्या वेळेवरून मातीची पाझरक्षमता काढण्याचं ह्वोर्सलेव्हचं सूत्र आपल्या मापांना लावलं, तर 0.029 ला या वेळेच्या सेकंदांनी भागायचं, उत्तर सेंमी प्रतिसेकंदात येतं. इथे ती ताशी 1 मिमीच्याही खाली. अशा मातीतून बारा मिनिटांत अडीच मीटर खाली पाणी पोचूच शकत नाही.

तरीही पातळी चढते, याची कारणं तीन असू शकतात. पहिलं, माती आधीच जवळजवळ पूर्ण भिजलेली असेल तर पाणी न पोचताही दाब खाली पोचतो. हे खरं असतं आणि मोजण्याजोगंही असतं, पण त्याला 28 सेंमीची वरची मर्यादा लागू आहे. दुसरं, डोंगरातल्या नैसर्गिक वाटा: मेलेल्या झाडांच्या मुळांची पोकळी, वाळवीची घरं, कुर्ल्यांची आणि घुशींची बिळं, जांभ्यातल्या सलग पोकळ्या. तिसरं, नळी आणि भोक यांच्यामधली फट. दुसऱ्या कारणातला दाब खरा, त्याच्यापासून उताराला खरा धोका. तिसऱ्यातला दाब फक्त नळीपुरता. आलेखावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात: झटकन चढ, मग हळूहळू उतार. इथेच सगळं अडलं होतं. पावसाच्या नोंदी कितीही ताणून बघितल्या तरी दोन्हींतला फरक त्यातून निघत नाही, कारण पाऊस सगळीकडे एकदमच पडतो. पाणी एकाच जागी पडेल अशी सोय केल्याशिवाय उत्तर मिळणार नव्हतं.

ती सोय म्हणजे कडं. 20 लिटरच्या रंगाच्या बादलीचा तळ कापायचा, बादली नळीवरून खाली सरकवून मातीत 8 ते 10 सेंमी ठोकायची, बाहेरून माती दाबायची. दुसरं तसंच कडं चढावर, नळीपासून दीड ते तीन मीटरवर, जिथे बीळ किंवा जुना बुंधा दिसतो तिथे. निदान सहा तासांची उघडीप हवी आणि नोंदणी एका मिनिटावर आणलेली हवी. 10 लिटर पाण्यात 20 ग्रॅम मीठ घातलं की विद्युतवाहकता 3.9 मिलिसीमेन्सच्या आसपास जाते. पावसाळ्यात जांभ्यातलं पाणी शंभरेक मायक्रोसीमेन्सचं असतं, त्यामुळे थोडं मीठ आलं तरी साधा पेन-मीटर ते पकडतो. याहून जास्त मीठ घालू नका, मीटर टोकाला जातो आणि झाडांनाही त्रास. नमुना घ्यायला सलाइनच्या सेटची नळी तळापर्यंत सोडायची आणि सिरिंजने 10 मिली ओढायचे. आधी चढावरच्या कड्यात ओतायचं, दोन तास थांबायचं, मगच जवळच्या कड्यात. उलट केलं तर जवळचं मीठ आधीच नळीत उतरतं आणि लांबच्याचा निकाल वाचता येत नाही.

आणि रेड अलर्ट असताना ही चाचणी करायला उतारावर पाऊल टाकू नका. तो दिवस नोंदी लांबून बघण्याचा.

निकाल. नळी 2: लांबच्या कड्यातून दोन तासांत काहीही नाही. जवळच्या कड्यातलं पाणी सात मिनिटांत नळीत, वाहकता 90 वरून 1,700. सरळ फट. नळी 3: चढावर तीन मीटरवर काजूचा कुजलेला बुंधा आहे, त्याच्यावरच्या कड्यातलं पाणी 25 मिनिटांत नळीत दिसलं, पातळी 9 सेंमी चढली, वाहकता 640. जवळच्या कड्यात ओतल्यावर पातळी जेमतेम 1 सेंमी हलली. म्हणजे नळी 3 भोवतीचं, वरचं पाणी अडवणारं बेंटोनाइटचं (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीचं) बूच शाबूत आहे आणि मुळांच्या पोकळीतून येणारं पाणी खरोखरच सांध्यावर दाब देतं. पावसात दोन्ही सारख्याच वागत होत्या, पण एकीचा आकडा टाकून द्यायचा आणि दुसरीचा सगळ्यात गंभीरपणे घ्यायचा. हा फरक हातात आला त्याचा आनंद फार मोठा आहे. अशी जागा सापडणं हेच तर या सगळ्या खटाटोपाचं फळ.

मग नळी 2 चं बूच का फुटलं आणि नळी 3 चं का नाही? दोन्हींत तेच बेंटोनाइट, त्याच खोलीवर, 30 ते 80 सेंमी. फरक उन्हाचा. नळी 2 उघड्या गवताळ, पश्चिमेला तोंड असलेल्या भागात, नळी 3 कोकमाच्या सावलीत, पाचोळ्याखाली. बेंटोनाइट भिजलं की फुगतं आणि वाळलं की आकसतं, भेगाळतं. थंड, सदा ओल्या प्रदेशांत वरचं बूच चालून जातं, कारण तिथली माती वरपर्यंत ओली राहते. कोकणात डिसेंबर ते मे वरचा मीटरभर कोरडा ठणठणीत होतो. बूच नळीपासून सुटतं, आणि मिरगाचं पाणी ते परत फुगायच्या आत फटीतून खाली. एकदा वाट पडली की बारीक माती त्यात उतरून बसते आणि नंतर बेंटोनाइट फुगलं तरी फट पूर्ण मिटत नाही. त्याखाली 0.8 ते 2.0 मीटर नुसती परत भरलेली सैल माती आहे, ती पाण्याला अडवत नाही. ज्यांच्या नळ्या उघड्या सड्याजवळ आहेत त्यांनी मिरग-आर्द्रातले झटकन चढ कड्याची चाचणी केल्याशिवाय खरे मानू नयेत.

उपाय असा ठरला आहे. बूच वर न ठेवता वाळूच्या लगेच वर, 1.5 ते 2.0 मीटरवर, जिथे मे महिन्यातही ओल टिकते. भोक आणि नळी यांच्यामधल्या जागेचं क्षेत्रफळ 39 चौरस सेंमी, म्हणजे 50 सेंमीच्या बुचाला दोन लिटर, अडीच किलो वाळलेल्या गोळ्या धरा. पूड ओतू नका, ती पाण्याला लागताच मध्येच अडकून पूल बांधते आणि खाली पोकळी राहते. बेंटोनाइट घट्ट मळून 10 ते 12 मिमीच्या गोळ्या वळायच्या आणि पूर्ण वाळवायच्या. फट 25 मिमीची आहे, गोळी तिच्या निम्म्याहून मोठी नको. एकेक मूठ सोडत जायचं आणि दर 10 सेंमीला मोजकाठी खाली घालून खोली तपासायची. रात्रभर फुगू द्यायचं. त्यावर 1.2 मीटर सिमेंट-बेंटोनाइट: वजनाने पाणी 2.5, सिमेंट 1, बेंटोनाइट 0.3. आपल्या भोकाला 5 लिटर पाणी, 2 किलो सिमेंट, 600 ग्रॅम बेंटोनाइट पुरतं, जवळपास पावणेसहा लिटर होतं. क्रम महत्त्वाचा: आधी पाण्यात सिमेंट, पाच मिनिटं घोटून मग बेंटोनाइट, घावनाच्या पिठाइतकं सरसरीत होईपर्यंत. बेंटोनाइट आधी घातलं तर ते पाणी पिऊन बसतं, सिमेंट नीट मिसळत नाही आणि त्याच मापाचं मिश्रण दर वेळी वेगळं होतं. मिश्रण वरून ओतायचं नाही, बारीक नळी तळापर्यंत नेऊन खालून वर भरत आणायचं. वरचे 30 सेंमी मात्र इथलीच माती थर थर ठोकून भरायची आणि तिच्याखाली नळीला घट्ट बसणारी जाड प्लास्टिकची चकती घालायची, पागोळीचं पाणी नळीच्या अंगाने उतरू नये म्हणून.

बेंटोनाइट कुठलं? अर्थिंगच्या सामानात मिळणारी तयार पिशवी घेऊ नका. तिच्यात वीज वाहण्यासाठी कार्बन आणि क्षार मिसळलेले असतात, फुगणं कमी आणि मिठाच्या चाचणीचा सत्यानाश. बोअरवेल आणि पायलिंगवाल्यांकडची साधी सोडियम बेंटोनाइटची पूड चांगली. पारख घरीच: 100 मिलीच्या मोजपात्रात पाणी घेऊन 2 ग्रॅम पूड चिमूट-चिमूट सोडायची, दुसऱ्या दिवशी गाळ 20 मिलीच्या वर फुगला पाहिजे. वाळू किनाऱ्यावरची आणू नका, कितीही धुतली तरी शंखशिंपल्यांचा चुरा आणि खार राहतोच. जिओटेक्स्टाइल शेततळ्याचं अस्तर विकणाऱ्यांकडे कापून मिळतं. त्याजागी सुती कापड वापरलेल्या नळ्या एका पावसाळ्यात कुजून चोंदतात.

हे काम दिवाळीनंतर करायचं असा बेत होता. पण लिहिता लिहिता वाटतं, नळी 2 तशीच सोडून तिच्याशेजारी एक मीटरवर नळी 4 नव्या पद्धतीने घालावी, आणि तीही आत्ता, पुष्याची पहिली उघडीप बघून. दोन फायदे. माती ओली असल्यामुळे बूच पहिल्याच दिवसापासून पूर्ण फुगतं. आणि फुटकी नळी आणि धड नळी एकाच सरीत शेजारी शेजारी मोजल्या तर फटीमुळे किती सेंमीची भर पडते ते थेट वजाबाकीने मिळेल, मग मागच्या वर्षाच्या नळी 2 च्या नोंदीही काही अंशी वाचवता येतील. अडचण गोळ्या वाळवण्याची. या हवेत उन्हाची आशा नाही, चुलीवरच्या माळ्यावर दोन-तीन दिवसांत वाळतात. भट्टीत भराभर वाळवलेल्या गोळ्यांना चिरा जातात आणि पाण्यात त्या तळाला पोचायच्या आधीच फुटतात.

बूच उन्हाळ्यात खरंच ओलं राहतं का, हेही मोजायला हवं. 0.5 आणि 1.75 मीटरवर वॉटरमार्क (माती पाणी किती जोराने ओढून धरते ते मोजणारे सेन्सर) पुरायचे आहेत. हीच ओढ पाणी भरलेल्या नळीने मोजणारा टेन्सिओमीटर इथे कामाचा नाही, 85 किलोपास्कलच्या आसपास त्यातलं पाणी तुटून हवा शिरते, आणि एप्रिलमध्ये वरची माती त्याच्या पलीकडे जाते. वॉटरमार्क 200 पर्यंत वाचतो.

सेन्सरांबद्दल थोडं. नळीतली पातळी मोजणारे पाच मीटरचे 4 ते 20 मिलिअँपिअरचे बुडते सेन्सर 150 ओमवर वाचतो, 0.6 ते 3.0 व्होल्ट, म्हणजे 1 सेंमीला 4.8 मिलिव्होल्ट, एडीएस1115 या व्होल्टेज वाचणाऱ्या चिपला हे भरपूर आहे. त्रास देते ती केबलमधली हवेची बारीक नळी. सिलिका जेल या दमटपणात चार दिवसांत गुलाबी होतं, मग नळीत पाण्याचा थेंब बसतो आणि सेन्सर हवेचा दाबही मोजायला लागतो. ओळखायची खूण: पाऊस नसताना आलेखावर रोज सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास दोन ते तीन सेंमीचे उंचवटे. ती हवेच्या दाबाची रोजची भरती-ओहोटी आहे, 1 हेक्टोपास्कलला 1 सेंमी पाणी. कमी दाबाचा पट्टा आला की पाच-दहा सेंमीची खोटी घट दिसते, नेमकी मोठ्या पावसाच्या वेळी. आता त्या नळीच्या टोकाला नायट्राइल हातमोज्याचं एक बोट सैल बांधलं आहे. दाब पोचतो, ओल शिरत नाही. लेटेक्सचं बोट खाऱ्या वाऱ्यात महिन्याभरात चिकट होऊन फाटतं. हा उपाय इतका स्वस्त आणि इतका चोख निघाला आहे की जेलच्या पुड्या विकत घेणं बंद करा.

पर्जन्यमापकाची दुरुस्तीही मार्गी लागली. 200 मिमीचं नरसाळं, 0.2 मिमीचा कलता डबा, म्हणजे एका कलण्याला 6.28 मिली. सलाइनच्या सेटने 628 मिली पाणी वेगवेगळ्या गतीने सोडलं. मिनिटाला 15.7 मिली, म्हणजे ताशी 30 मिमीला 99 कलणी, ताशी 60 ला 97, ताशी 120 ला 94. डबा कलत असतानाचं पाणी मोजलं जात नाही, त्यामुळे जोराच्या सरीत नेहमी कमी भरतं. आता प्रत्येक कलण्यामधल्या वेळेवरून दुरुस्ती लावली आहे. एकच ठरावीक गुणक लावून भागत नाही, रिमझिम फुगते आणि मुसळधार तोकडी राहते.

आता इशाऱ्याच्या आकड्याकडे. किती पावसाला दरडी सुरू होतात ते सांगणारी केनची 1980 ची जागतिक रेषा, तीव्रता बरोबर 14.82 गुणिले कालावधीचा उणे 0.39 घात, 24 तासांना साधारण 103 मिमी देते. जुलैत कोकणात हा आकडा ओलांडणं नित्याचं आहे. हवामान खात्याच्या भाषेत तेवढा पाऊस ‘अतिजोरदार’सुद्धा होत नाही, ती पायरी 115.6 ला सुरू होते. म्हणून चोवीस तासांचा एकटा आकडा सोडून द्यावा. 22 जुलै 2021 ला महाडचं तळीये आणि खेडचं पोसरे, 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी, या सगळ्या दरडींच्या आधीचे काही दिवस जोराचा पाऊस लागून होता. आधी मुरलेलं पाणी हिशेबात घ्यायला आतापर्यंत रोजच्या पावसाला 0.87 ने घटवत जाणारा साधा निर्देशांक चालवला. नळी 3 त्याच्याशी जुळत नाही, ती तासांत हलते, तो दिवसांत.

त्याऐवजी जपानमध्ये वापरतात ती तीन टाक्यांची रचना लावून बघायची आहे: माती म्हणजे एकाखाली एक ठेवलेल्या, भोकं असलेल्या तीन टाक्या असं मानायचं. पहिल्या टाकीच्या बाजूला 15 आणि 60 मिमीवर भोकं, गुणक 0.1 आणि 0.15, तळाला 0.12. दुसरीला 15 मिमीवर 0.05 आणि तळाला 0.05. तिसरीला 15 मिमीवर 0.01, तळाला 0.01. सगळं तासाच्या हिशेबाने, तिन्हींतलं पाणी मिळून मातीतल्या पाण्याचा निर्देशांक. एक्सेलमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे. अंदाज असा की नळी 3 चा झटकन चढ पहिल्या टाकीसारखा आणि नळी 1 चा संथ फुगवटा दुसरीसारखा दिसेल. तसं निघालं तर नळी 3 साठी तळाचा गुणक 0.12 वरून वाढवून मुळांच्या वाटा त्यात बसवता येतील.

नळी 1 बद्दल आज लिहिण्यासारखं फारसं नाही. संथ आहे, 17 सेंमीवर आहे, कड्याच्या चाचणीत दोन्हीकडून निर्विकार.

खालच्या वाडीला हे आकडे दाखवतो, पण घर सोडायचं की नाही हे नळीवरून ठरवू नका असं तिथे स्पष्ट सांगितलं आहे. तीन नळ्या म्हणजे उताराचे तीन ठिपके. उताराला नवी भेग, तिरका झालेला खांब, अचानक गढूळ झालेला किंवा एकाएकी आटलेला झरा, दाराची चौकट अडकणं, यातलं काहीही दिसलं की आकड्यांची वाट न बघता बाहेर पडायचं आणि तहसीलला कळवायचं.

ज्यांच्याकडे उघड्या जागेतल्या नळ्या आहेत त्यांनी पुढच्या उघडिपीत कड्याची चाचणी करून चार गोष्टी कळवा: बुचाची खोली, जागा उन्हाची की सावलीची, जवळच्या कड्याचा वेळ, लांबच्या कड्याचा वेळ. दापोली-गुहागरकडच्या सड्यावरचे आकडे मिळाले तर 1.5 मीटरची खोली सगळीकडे पुरते की काही ठिकाणी बूच आणखी खाली न्यावं लागतं, ते नळी 4 चं भोक पाडायच्या आधी ठरवता येईल.